रा. रा. साठराव हर्ट्झ यांस अनावृत पत्र

रा. रा. साठराव हर्ट्झ ऊर्फ तीसराव ऊर्फ चोवीसराव,
मुक्काम पोस्ट सगळीकडे, हल्ली वास्तव्य पेडणे व डिचोली महाल, यांस

सा. न. वि. वि.

आपण माणूस नसून एक वाक्य आहात, याची मला कल्पना आहे. ‘माणसाच्या डोळ्याला साठच्या वर दिसतच नाही’ एवढीच आपली काया. पण वट मात्र एखाद्या आमदाराला हेवा वाटावा अशी. पेडण्याच्या बाजारात मोबाइलचे कव्हर बदलायला गेलेल्या माणसाला आपण काउंटरवर भेटता, डिचोलीच्या बसस्टँडवर कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात भेटता, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आटपून परतणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवरून ऐकू येता. आपल्याला उच्चारणारा प्रत्येक जण असा बोलतो की जणू हा शोध त्यानेच घरच्या माडीवर बसून लावला. कोणी चोवीस म्हणतो, कोणी तीस, कोणी साठ. आकडा बदलतो, सूर बदलत नाही. मान जरा तिरकी करायची, आवाज खाली आणायचा, ‘सायन्स आहे ते’ म्हणायचे आणि विषय संपवायचा.

ज्या घरात बारावीतला मुलगा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर मागतो, त्या घरात तर आपण वडिलांचे वकीलपत्रच घेतलेले असते. “खंय दिसता तो फरक?” असे बाबा विचारतात. “तुमकां दिसना, म्हाका दिसता,” असे मुलगा म्हणतो. मग बाबा आपल्याला पुढे करतात आणि खटला निकालात निघतो. पैसे नाहीत म्हणावे, बोर्डाची परीक्षा जवळ आली म्हणावे, गेम खेळून डोक्याचा भुगा होतो म्हणावे. ही सगळी कारणे बापाला शोभणारी आहेत. पण त्यांनी बिचाऱ्या डोळ्याला साक्षीला ओढले, आणि तेही आपण पढवलेल्या साक्षीवर. म्हणून हे पत्र.

पत्र लिहिण्यापूर्वी आपली कुंडली तपासली. आपण मूळचे चोवीसराव, आणि पहिली नोकरी सिनेमात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला तेव्हा मात्र आपला पत्ता नव्हता. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे ही रीत, पुढेमागे हाताच्या जोराप्रमाणे. आणि थिएटरवाल्याला पुढच्या खेळाची घाई असली की प्रोजेक्टरही जरा पळे. आपल्या हिशेबाने तेव्हाच्या मुंबईकरांच्या डोळ्यांची धाव सोळापर्यंतच असणार. मग सिनेमा बोलू लागला. आवाज फिल्मच्याच कडेच्या पट्टीत छापलेला. फिल्म हळू चालवली तर उंच स्वर दबून जात आणि बोलणे बोजड होई, वेग सारखा राहिला नाही तर गाणे ढासळे. जोरात चालवली तर आवाज छान, पण फिल्म जास्त लागे, आणि फिल्म फुकट मिळत नव्हती. या ओढाताणीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी चोवीसवर तडजोड केली. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांच्या जमान्यात आपण हिंदुस्थानात रुळलात. तेव्हा चोवीस हा आकडा कानाचा आणि खिशाचा. ठरावाच्या वेळी डोळ्याला कोणी बोलावलेही नव्हते.

आणि एक गोष्ट आपण कधीच सांगत नाही. फिल्मचा प्रोजेक्टर पडद्यावर सेकंदाला चोवीस वेळा उजेड टाकतच नाही. त्याच्या पुढ्यात फिरणारी पाती असतात, ती प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा झाकून पुन्हा उघडतात. म्हणजे झपकारे ४८ किंवा ७२. हे का केले? कारण चोवीसच झपकारे ठेवले असते तर पडदा डोळ्यांसमोर लुकलुकत राहिला असता आणि मध्यंतरापर्यंत अर्धे थिएटर कपाळ दाबून बाहेर आले असते. जिथे आपण आयुष्यभर चाकरी केलीत, त्या प्रोजेक्शन रूममधल्या माणसालासुद्धा आपल्यावर भरवसा नव्हता.

गोव्यात आपला मान मोठा, यात शंका नाही. पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ म्हापशात लागला तो १९५० सालच्या एप्रिलच्या चोवीस तारखेलाच. योगायोगाने का होईना, पंचांगाने आपल्याला सलामी दिली. २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीला नांदते. गळ्यात डेलिगेटचे कार्ड लटकवलेली मंडळी चहाच्या रांगेत चोवीस फ्रेमच्या सौंदर्यावर बोलतात, आणि त्यात तथ्य आहे. सिनेमाचा कॅमेरा प्रत्येक चित्र घेताना साधारण सेकंदाचा ४८ वा भाग उघडा असतो; तेवढ्यात हललेला हात चित्रात थोडा पुसट उमटतो. तो पुसटपणा दोन चित्रांमधली फट सांधतो. आपण खुर्चीत बसलेले, कॅमेरा दिग्दर्शकाच्या ताब्यात, तो फार झटक्याने वळत नाही. हे सगळे जुळून आले की चोवीस गोड लागतात. गेममध्ये यातले एकही नाही. तिथले चित्र कोरून काढल्यासारखे स्पष्ट आणि जागच्या जागी थिजलेले, शिवाय कॅमेरा खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली. अंगठा झटक्यात वळला की चोवीस फ्रेमचा गेम पायऱ्यांवरून घरंगळू लागतो. तरी आपण इफ्फीचे प्रमाणपत्र गेमिंगच्या टेबलावर दाखवत फिरता.

मग घरोघरी दूरदर्शन आले. आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रे. चोवीसचा सिनेमा त्या पद्धतीत घालायचा तर सरळ जरा जोरात पळवत, शंभरात चार या हिशेबाने. तीन तासांचा चित्रपट सात मिनिटे आधी संपे आणि नायकाचा आवाज किंचित चढे. थिएटरात चोवीसवर थकणारा डोळा घरच्या सोफ्यावर पंचवीस पचवू लागला, याचे आपण काय स्पष्टीकरण देता?

आता साठ. या नावाने आपण सगळ्यात जास्त मिरवता, म्हणून या नावाचे मूळ लोकांना कळायलाच हवे. साठ हा आकडा अमेरिकेतल्या विजेच्या तारेतून आला. तिथली वीज सेकंदाला साठ आवर्तने घेते, म्हणून पहिल्या टीव्हींचा वेगही त्याच्याशी जुळवून घेतला, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे सरकत. आपल्याकडची वीज पन्नासची. राष्ट्रीय ग्रिडवाले ती ४९.९० आणि ५०.०५ च्या मध्ये धरून ठेवायला रात्रंदिवस झटतात. म्हणून आपला जुना टीव्ही पन्नासचा. आपले म्हणणे खरे मानले तर पेडण्यातल्या माणसाचा डोळा पन्नासवर थांबतो, आणि तोच माणूस नोकरीला न्यू जर्सीला गेला की विमानातून उतरताच त्याला दहा जास्त दिसू लागतात. व्हिसाच्या अर्जात याचा रकाना नाही, हे आश्चर्यच.

पेडण्याकडच्या ज्याने ज्याने रात्रीचा दशावतार मोबाइलवर टिपला असेल, त्याने या पन्नासची करामत पाहिली आहे. रंगमंच ट्यूबच्या उजेडात न्हालेला, संकासूर रंगात आलेला, आणि मोबाइलच्या चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे. पन्नासच्या विजेवर जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंदावते आणि उजळते. समोर बसलेल्या आजीला उजेड स्थिर दिसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडले की पट्टे जातात. इथे आपण उड्या मारून म्हणाल, ‘बघा, आजीला शंभर दिसले नाहीत.’ थांबा. त्या आजीने मान वळवून नातवाकडे पाहिले, आणि मंडपाच्या टोकाला एखादी मरायला टेकलेली ट्यूब असली, तर तिला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून थरथरताना नक्की दिसते. अशी ट्यूब टोकांशी पन्नासने लुकलुकते. सरळ तिच्याकडे पाहिले की स्थिर, नजर काढली की थरथर. डोळ्याचा मधला भाग बारकावे टिपण्यात हुशार, कडेचा भाग लुकलुक पकडण्यात. एकाच डोळ्यात दोन वेगळ्या वेगांचे कारखाने आहेत, आणि आपण दोघांना मिळून एक आकडा ठोकून दिलात.

डोळा किती हर्ट्झचा, हा प्रश्न ‘मांडवी किती किलो लांब आहे’ या जातीचा आहे. दृष्टिपटलावर चित्रांच्या चौकटी येऊन आदळत नाहीत. तिथे प्रकाश सतत पडत असतो. अंधारात काम करणाऱ्या पेशी संथ, उजेडात काम करणाऱ्या चपळ. लुकलुक कुठे थांबली असे विचारले तर मंद उजेडात पंधरावीसलाच थांबते, भर उजेडात पन्नाससाठच्या आसपास, आणि मोठा झगझगीत पृष्ठभाग कडेच्या नजरेत असेल तर ऐंशीच्याही पुढे. उजेड वाढला की ही मर्यादा वाढते, हे फेरी आणि पोर्टर या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. तुळशीपुढची पणती आणि मे महिन्यात पूर्ण उजेडावर ठेवलेला फोन यांना एकच डोळा दोन वेगळी उत्तरे देतो.

त्यात डोळा गप्प बसत नाही. तो सेकंदाला दोनतीनदा टुणकन उडी मारून जागा बदलतो, आणि त्या उडीचा वेग सेकंदाला कित्येक शंभर अंश. २०१५ मध्ये डेव्हिस, श्ये आणि ली या तिघांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक प्रयोग मांडला. नुसता एकरंगी उजेड लुकलुकवला तर माणसे साठसत्तरच्या पुढे हात टेकत. पण पडद्यावर काळ्यापांढऱ्याची ठळक कड ठेवून ते चित्र उलटसुलट केले, तर लुकलुक ५०० हर्ट्झपर्यंत जाणवली. डोळा उडी मारतो तेव्हा ती कड दृष्टिपटलावर पसरते आणि चोरी उघडी पडते. पाचशे, साठराव. आपल्या आठपटींहून जास्त.

त्याच्या वर्षभर आधी एमआयटीत मेरी पॉटर यांनी माणसांना चित्रांची माळ झरझर दाखवली, प्रत्येक चित्र १३ मिलिसेकंद, आणि ‘यात अमुक एक चित्र होते का’ असे विचारले. अंदाजपंचे उत्तरांपेक्षा माणसे सरस ठरली. तेराच का? त्यांच्या मॉनिटरला त्याहून लवकर चित्र बदलता येत नव्हते. डोळ्याआधी मॉनिटर दमला.

आता आपल्या खापरपणजोबांविषयी. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. फोंड्याला कवळे मठ आहे, गौडपादाचार्यांच्या नावाचा. त्या गौडपादांच्या माण्डूक्यकारिकांमधले चौथे प्रकरण ‘अलातशान्ति’. अलात म्हणजे पेटते कोलीत. कोलीत अंधारात फिरवले की सरळ, वाकडी, वर्तुळाकार रेघ उजळून दिसते. हात थांबला की रेघ नाही, आणि ती कुठे गेलीही नाही. आचार्यांना यातून जगाच्या भासाविषयी बोलायचे होते, मॉनिटरविषयी नाही. तरी नरकासुराच्या रात्री फुलबाजी गरगर फिरवणारी गोव्यातली पोरे तोच प्रयोग करतात. १७६५ मध्ये फ्रान्सात पॅट्रिक दार्सी नावाच्या गृहस्थाने याला घड्याळ लावले. यंत्राला निखारा बांधला, फिरवत फिरवत वेग वाढवला, आणि उजेडाचे वर्तुळ कुठे अखंड होते ते पाहिले. उत्तर आले सेकंदाचे साधारण ०.१३. (तेव्हा पेडणे सावंतवाडीकरांच्या हद्दीत होते, पोर्तुगीजांनी ते घेतले १७८८ मध्ये. दार्सीची बातमी इथवर पोचली नसणार, नाहीतर कोणी तरी तेव्हाच ‘डोळ्याला आठच दिसतात’ म्हणून बाजारात सांगत सुटला असता.)

दार्सीने मोजले ते उजेडाचा ठसा किती वेळ रेंगाळतो हे. किती छोटी गोष्ट डोळ्याच्या नजरेतून निसटते हा वेगळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आपल्या विरोधात जाते. चतुर्थीला आरतीच्या वेळी कोणी फोटो काढला तर कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही थोडका असतो. माटोळीखाली उभ्या असलेल्या कोणाला तो दिसत नाही असे आजवर ऐकलेले नाही. उजेड पुरेसा प्रखर असेल तर क्षण कितीही बारीक असला तरी डोळा तो जमा करून घेतो. साठ झपाक्यांच्या रांगेत फ्लॅशने नंबर लावावा लागला असता तर गोव्यातले निम्मे लोक फोटोत डोळे मिटून आले नसते.

उलट, नुसती हालचाल भासायला किती लागतात? माक्स वेर्थायमरने १९१२ मध्ये दोन रेघा पाळीपाळीने दाखवून तो भास बारकाईने तपासला. सेकंदाला दहाबारा चित्रे असली तरी मन त्यांना हलते करून घेते. आपल्याला स्वस्तातच सुटायचे होते तर बाराराव झाला असतात, साठपर्यंत चढण्याचा खर्च कशाला?

आणि गेमिंगच्या पोरांचे भांडण तर यातल्या एकाही प्रश्नाशी नाही. ते सांगतात ते निराळेच. जुन्या सायबर कॅफेतल्या ढोबळ काचेच्या मॉनिटरवर साठ ठेवले तर पडदा लुकलुके आणि काउंटर-स्ट्राइक खेळून घरी गेलेल्याचे कपाळ दुखे. ८५ वर नेले की बरे वाटे. एलसीडी आला, मागचा दिवा सतत पेटता राहिला, लुकलुक गेली. आपण लगेच डंका पिटलात की साठ पुरे झाले. लुकलुक गेली तशी दुसरी पीडा आली, ती आपण दडवलीत. एलसीडीवर प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत जागेवर उभे असते. पडद्यावर शत्रू सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने पळतोय असे धरा, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्याची अर्धी रुंदी. डोळा त्याच्यामागे सलग, गुळगुळीत सरकतो. चित्र मात्र सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत थिजलेले. तेवढ्यात डोळा १६ पिक्सेल पुढे गेला, आणि शत्रू तेवढाच पुसट झाला. १२० ला आठ पिक्सेल, २४० ला चार. हा पुसटपणा पडद्यात नसतो, तो डोळ्यात तयार होतो, कारण डोळा पडद्यापेक्षा सलग चालतो. आपण म्हणता तसा डोळा मठ्ठ असता तर पुसट काही झालेच नसते.

कोणाला पटत नसेल तर फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर ठेवावा, पेपरच्या बातम्यांची यादी बोटाने हळूहळू सरकवावी, आणि सरकत असतानाच मथळे वाचायचा प्रयत्न करावा. मग १२० वर ठेवून तेच करावे. मॉनिटर असेल तर काळ्या पडद्यावर माउसचा बाण जोरात गरगर फिरवावा. बाणाची सलग रेघ दिसत नाही, सुटे सुटे बाण दिसतात. साठला विरळ, १४४ ला दाट. सुटे दिसतात म्हणजेच डोळ्याचे अजून संपलेले नाही.

शेवटची तक्रार वेळेची. गोळी सुटली ही बातमी पडद्यावर यायला साठला १६.७ मिलिसेकंदांपर्यंत थांबावे लागते, १४४ ला फार तर ६.९. माणसाची बोटे हलायला दोनशेच्या आसपास लागतात, म्हणजे ही बचत मोठी नाही. पण समोरासमोर दोघे तितकेच चपळ असले तर बचत ज्याची त्याची गोळी. इथे डोळ्याला फ्रेम वेगळ्या दिसल्या की नाही याला महत्त्वच नाही.

आता आपल्या धाकट्या भावाविषयी दोन शब्द, कारण तोही याच बाजारात फिरतो. ‘हर्ट्झ जितके जास्त तितका नेम पक्का’ असे त्याचे नाव. तो अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकाची गोष्ट सांगतो, म्हणे सेकंदाच्या २२० व्या भागापुरते विमान दाखवले आणि पठ्ठ्याने ते ओळखले. मूळ प्रयोगाचा कागद दाखव म्हटले की तो मोपाच्या धावपट्टीकडे बघत बसतो. फोनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२४०’ आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘टच सॅम्पलिंग’, ही त्याचीच कारागिरी. ते बोट किती वेळा तपासले जाते याचे माप, पडदा किती वेळा बदलतो याचे नव्हे. आणि साठवरून १२० ला गेले की प्रत्येक चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. २४० वरून ४८० ला गेले तर फक्त २.१. पहिल्या उडीत जे मिळते त्याचा पाव भाग दुसऱ्या उडीत मिळतो, पैसे मात्र उलट्या दिशेने वाढतात. त्यात पडदा १२० चा आणि गेम साठच फ्रेम देत असेल तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवले जाते, बस्स. बीजीएमआय या गेममध्ये नव्वद किंवा एकशेवीस फ्रेमचा पर्याय निवडक फोनांनाच मिळतो. तो मिळालेला फोनही मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसून खेळला की तापतो आणि फ्रेम गाळू लागतो. डोंगराआडच्या वाड्यावर नेटवर्कची एकच काडी असेल तर सर्व्हरशी जाण्यायेण्यातच शंभर मिलिसेकंद खर्च होतात; तिथे दोनचार मिलिसेकंदांसाठी हप्ता फेडणाऱ्याला आपल्या भावाने गाठले आहे असे समजावे.

पेडण्याला आश्वासनांची सवय आहे, हे आपण दोघांनी बरोबर ओळखले. कोजागरीच्या पुनवेला देव भूतनाथ एका रात्रीत देऊळ मागतो आणि सगळा गाव दरवर्षी हो म्हणतो. तुयेच्या पठारावरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीचे वचन त्या मानाने अगदीच कोवळे. तिथे उद्या खरोखर कोणी पडदे बनवू लागले, तर उद्घाटनाच्या मंडपात आपण बंधूंनी पहिल्या रांगेत बसू नये, एवढी विनंती आहे.

आपल्या बाजूने एक मुद्दा आहे, तो मी लपवीत नाही. वय वाढले की लुकलुक पकडण्याची ताकद उतरते. म्हणजे डिचोलीतले पन्नाशीचे बाबा “खंय दिसता तो फरक?” म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतील, आणि मुलगा म्हणतो तेव्हा तोही नसेल. दोघांचे डोळे दोघांचे. अशा घरात आपल्याला मध्ये न घालता निकाल लावायची एक रीत आहे. आईच्या हाती सेटिंग द्यावे. तिने मुलाला पाठमोरे बसवून कधी साठ, कधी एकशेवीस ठेवावे, मधूनच न बदलता बदलल्याचे नाटक करावे, आणि वहीत लिहून ठेवावे. मुलाने मथळे सरकवून सांगावे. वीसपैकी दहाबारा बरोबर आले तर ते नाण्यानेही येतात. मॉनिटर रद्द, अभ्यासाला बस. अठराएकोणीस आले तर बाबांनी पाकीट काढावे, किंवा पैसे नाहीत असे सरळ सांगावे. आई परीक्षक असल्याने अपील नाही.

कळावे. लोभ आपला फार झाला, तो कमी व्हावा.

आपला नसलेला,
एक पेडणेकर

ता. क. साखळीला ओळखीच्या एका घरी १४४ चा मॉनिटर हट्टाने घेतला गेला. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा त्याला साठवरच ठेवते, हे तिथे कोणाला माहीत नव्हते. तेव्हा इतके महिने त्या पडद्यामागे आपणच मांडी घालून बसला होतात, आणि घरचा चिरंजीव पाहुण्यांपुढे शपथेवर सांगत होता, की काय तो फरक, डोळ्यांचे पारणे फिटले! परवा सेटिंग उघडून आपल्याला तिथून उठवले. चिरंजीव आता म्हणतो, खरा फरक हा. त्याला आईपुढे पाठमोरे बसवायचे ठरले आहे, पण तो अजून वेळ देत नाही.